उलटेदादांची धाव

धाकट्याचा टेम्पो वळणावर दिसला तेव्हाच थोरल्याने ओळखलं, की काहीतरी झालंय. टेम्पो सारखा हॉर्न वाजवत येत होता आणि समोर तर एक कोंबडीसुद्धा नव्हती.

थोरला चाक फिरवत होता. चाकाच्या आकड्याला घायपाताच्या वाखाचं टोक अडकवलेलं, आणि त्याचे वडील तोंड चाकाकडे ठेवून मागे मागे चाललेले. त्यांच्या कमरेला वाखाचं भेंडोळं बांधलेलं होतं आणि त्यातून त्यांची बोटं एकसारख्या जाडीचं सूत सोडत होती. जन्मभर हा माणूस असाच चालला. म्हणून वस्ती त्यांना उलटेदादा म्हणायची, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. "सरळ चालून तुम्ही कुठे पोचलात ते सांगा," असं उलट तेच विचारायचे.

ज्या पट्ट्यावरून ते चालत, त्याला घरात धाव म्हणत. मोठ्या रस्त्यापासून थेट वस्तीच्या पाठीमागच्या टोकापर्यंत गेलेली, सुतासारखी सरळ, दगडासारखी टणक. आज्याच्या काळापासून पायांनी चोपून चोपून तिथलं गवत उगवायचंच विसरलं होतं. धावेच्या एका बाजूला उलटेदादांचं घर, मागे वाख वाळवायचं अंगण. दुसऱ्या बाजूला गॅरेज, शिंप्याचं घर आणि आणखी दोन-तीन बिऱ्हाडं. दोर ताणलेला नसला की सगळी वस्ती त्या धावेवरूनच ये-जा करायची. कुणी कधी विचारलं नाही आणि कुणी कधी अडवलं नाही.

धाकट्याने टेम्पो तसाच चालू ठेवून खाली उडी मारली.

"दादा! थोरल्या! रस्ता येतोय, रस्ता! आपल्या दारातून!"

"कसला रस्ता? आधी ते इंजिन बंद कर," थोरला म्हणाला.

"अरे, पालिकेने नवा आराखडा लावलाय. शहराची हद्द वाढली ना, आता आपण शहरात. सगळ्या जमिनींचं नव्याने ठरतंय, कुठे घरं, कुठे शेती, कुठे कारखाने. सभागृहात भिंतभर नकाशा टांगलाय. हे बघ, फोटो काढून आणलाय."

मोबाइल हातोहात फिरला. सून घरातून हात पुसत आली. आई अंगणातून आली, तिच्या केसांना वाखाची कुसं लागलेली. नकाशावर पिवळे, हिरवे, जांभळे तुकडे होते आणि त्यांच्यामधून दोन जाड तांबड्या रेघा वस्तीत शिरत होत्या.

"इथे चांगला रुंद रस्ता! आणि हे आपलं घर, बघ, रस्त्याला लागून! पुढच्या खोलीत दुकान टाकतो मी. दोर, दावी, पट्टे, सगळं. गिऱ्हाईक गाडी थांबवून घेईल."

आईला दुकानाची कल्पना आवडली. "वर बोर्ड लाव हो मोठा," ती म्हणाली.

उलटेदादा सूत हातात धरून उभे होते. त्यांनी नकाशा लांब धरला, जवळ धरला, मग मान वर करून धावेकडे पाहिलं. 

"आणि ही रेघ," त्यांनी विचारलं, "कुठून जातेय?"

 इतका वेळ धाकट्याने घर शोधलं होतं, गॅरेज शोधलं होतं, दुकानाची जागासुद्धा शोधली होती. रेघ नक्की कशावर पडलीय हे बघायचं राहिलं होतं.

"धावेवरून," सून म्हणाली.

घरात दोन तट पडायला फार वेळ लागला नाही. धाकट्याचं म्हणणं, दोर काय, अंगणातसुद्धा वळता येतो. त्यावर थोरला असा उसळला की आईला मधे पडावं लागलं.

"अंगणात? नावाड्याचा दोर तू अंगणात वळणार?"

नावाड्याचा दोर हे त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. नदीवरची नाव एका जाड दोराला धरून या काठावरून त्या काठाला ओढत नेतात. जुना, जोड दिलेला दोर झिजला होता, आणि पूर यायच्या आत नवा टांगला नाही तर पलीकडची दोन गावं तुटणार होती. नावाडी स्वतः येऊन बजावून गेला होता, "अखंड पाहिजे. मधे जोड आला की कप्पीत अडकतो, आणि भर धारेत अडकला तर मी माणसं घेऊन कुठे जाऊ?" तीन पेड एकत्र पिळले की दोर आखडतो. तयार दोर जेवढा हवा त्याच्या जवळजवळ दीडपट लांबीचे पेड आधी ताणावे लागतात. तेवढी लांबी म्हणजे अख्खी धाव, तीही अगदी शेवटच्या टोकाची जागा धरून.

"अर्धी धाव गेली तर काय वळायचं? गुरांची दावी," थोरला म्हणाला. "आणि ती आता बाजारात नायलॉनची मिळतात."

 यावर गप्प बसेल तर तो धाकटा कसला. "दोघेही सारखेच. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही," असं पुटपुटत तो टेम्पोत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सून पालिकेत गेली. घरात शिकलेली तीच होती, आणि माहेरी तिचे वडील मोजणीच्या साखळ्या ओढायचे, त्यामुळे नकाशा उलटा धरायची नाही एवढी खात्री होती. सभागृहात माणसांची जत्रा झाली होती. ज्याला त्याला आपलं घर शोधायचं होतं. एक म्हातारा आपल्या मळ्यावर बोट ठेवून हलायलाच तयार नव्हता, बोट काढलं की मळा हिरव्याचा पिवळा होईल अशी त्याला भीती. एक बाई "आमच्यावर बाग, आमच्यावर बाग!" म्हणून इतक्या आनंदाने ओरडली, की तिला कुणीतरी समजावून सांगावं लागलं, बाग म्हणजे घर जाणार.

नकाशाजवळच्या टेबलाशी एक तरुण अधिकारी बाई होती. घसा बसलेला, समोरचा चहा गार झालेला. सुनेने तिला रेघ दाखवली.

"हा रस्ता नाहीये, मॅडम. आमच्या दोराची धाव आहे."

बाईने संगणकावर वरून काढलेला फोटो उघडला. त्यात सगळी वस्ती वेडीवाकडी, दाटीवाटीची, आणि तिच्यामधून एकच पांढरी सरळ रेघ. सुनेलाच क्षणभर तो रस्ता वाटला.

"फोटोत रस्ता दिसतोय. आणि नुसत्या फोटोवर नाही गेलो आम्ही. आमची माणसं जागेवर येऊन गेली आहेत. हे बघा, 'वहिवाटीचा रस्ता, सर्व वस्ती वापरते.' तुमच्याच घरातल्या बाईंनी सांगितलंय."

सुनेला आठवलं. पिशवी अडकवलेली दोन मुलं आली होती, आणि सासूबाईंनी त्यांना पाणी देत केवढी फुशारकी मारली होती! 'ही आमची धाव. असा सरळ रस्ता तुमच्या शहरात तरी आहे का? सगळी वस्ती इथूनच जाते, आम्ही कुणाला नाही म्हणत नाही.' मुलांनी भराभर लिहून घेतलं होतं.

"मग आता?"

"आता काही बिघडलेलं नाही. हा कच्चा आराखडा आहे," बाई म्हणाली, आणि बसलेल्या घशानेही तिच्या बोलण्यात जोर आला. "जुना केला तेव्हा तुमच्या वस्तीत चार घरं होती. आता बघा किती. म्हणून तर आम्ही दर काही वर्षांनी सगळं पुन्हा तपासतो. आधी पाहणी, मग कच्चा नकाशा, मग लोकांच्या हरकती. हरकत लिहून द्या, सुनावणी होईल, समिती ऐकेल. बदलतात रेघा. मी स्वतः बदलल्या आहेत."

सुनेचा चेहरा उजळला.

"पण एक सांगते," बाई पुढे म्हणाली. "नुसतं 'नको' म्हणू नका. मागे गॅरेजला आग लागली होती ना? बंब मोठ्या रस्त्यावरच उभा राहिला. वस्तीत शिरायला वाटच नाही. रस्ता तर हवाच. इथून नको असेल तर कुठून, ते सांगावं लागेल."

हरकत लिहून दिल्याची बातमी सून घरी पोचायच्या आधी वस्तीत पोचली होती.

मग वस्तीने तोंड फिरवलं. नळावर सुनेच्या कळशीमागे रांग असायची, आता तिची कळशी रांगेच्या मागे जाऊ लागली. शिंपीण रोज संध्याकाळी आईजवळ बसून वाख विंचरू लागायची, ती येईनाशी झाली. आई एकटीच विंचरायची आणि कुणी दिसलं की मुद्दाम मोठ्याने गुणगुणायची.

"तुमचं ते दोराचं चऱ्हाट आणखी किती दिवस वळणार?" गॅरेजवाल्याने थोरल्याला सगळ्यांच्या देखत विचारलं. "माझं शेड जळत होतं तेव्हा तुम्ही बादल्या आणल्यात, मान्य. पण बादल्यांनी विझलं का? नाही ना? मग बंब येऊ द्या की आत."

माणूस खोटं बोलत नव्हता.

पेडांचं काम मात्र चालू राहिलं. सकाळी गारव्यात सूत काढायचं, उन्हं चढली की वाख कोरडा पडून तुटतो, म्हणून दुपारी विंचरायचं, आणि उन्हं कलली की पुन्हा धावेवर. उलटेदादांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. ते त्यांत मेण भरायचे आणि पुन्हा लागायचे. थोरल्याचा उजवा खांदा सुजला होता, तो डाव्या हाताने चाक फिरवायचा. सूत चढत होतं, पेड भरत होता, आणि दमल्या अंगातसुद्धा घराला एक हुरूप आला होता. एवढा मोठा दोर या धावेवर आजवर कुणी वळला नव्हता.

एका सकाळी दादा धावेवर आले आणि जागेवरच थांबले. धावेच्या बरोबर मधोमध एक बिघडलेला ट्रक उभा होता.

गॅरेजवाला आपल्या दारात दात घासत होता. "रस्ता आहे ना तो? रस्त्यावर गाडी लावायला काय हरकत?" तो फेसाळ तोंडाने म्हणाला. दोन-चार जण हसले.

 दादा ट्रकपर्यंत गेले, त्याच्याभोवती फिरले आणि परत येऊन चाकाजवळ खाली बसले. जन्मात कधी कामाच्या वेळी बसलेला माणूस नव्हे तो.  धाकटा टेम्पो काढायला निघाला होता. त्यांना तसं बसलेलं बघून तो वळला, त्याने ट्रकच्या दाराची काच कोपराने ढकलून खाली केली, आत हात घातला, गिअर सोडवला आणि खांदा लावला. थोरला धावला. सून धावली. आईसुद्धा पदर खोचून मागे लागली.

"रस्ता मला पाहिजे!" धाकटा ट्रक ढकलता ढकलता गॅरेजवाल्यावर ओरडत होता. "तुझ्यापेक्षा जास्त पाहिजे! पण माझ्या बापाच्या वाटेत गाडी लावलीस तर याद राख!"

ट्रक हलला, गडगडत गॅरेजच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने ते दारच अडवून टाकलं. आता हसायची पाळी दुसऱ्यांची होती. थोरल्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली, ती इतक्या जोरात की तो खोकायला लागला.

त्या दुपारी सून एक दोरी घेऊन बाहेर पडली. हात-हात अंतरावर गाठी मारलेली दोरी. तिने आधी धावेच्या पलीकडची बाजू मोजली. तिकडून रस्ता न्यायचा तर गॅरेज जात होतं, शिंप्याचं घर जात होतं आणि मागची बिऱ्हाडंही. दारादारांतून डोळे तिच्या दोरीवर खिळले होते. मग ती अलीकडे आली. मागचं अंगण मोजलं. अंगणाच्या मागे नाल्याकाठची पालिकेचीच पडीक पट्टी होती, ती थेट वस्तीच्या पाठीशी जात होती. तिथून रस्ता सहज जाईल, बंबही जाईल, दोन बंब जातील. मधे एकच अडचण होती. सुनेने दोरी त्या अडचणीच्या भिंतीला लावली, मोजली, आणि पटकन गुंडाळून कमरेला खोचली. घरात तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? घर सासूचं होतं. एकेक वीट सासूने डोक्यावरून आणलेली.

सुनावणीला सगळी वस्ती गेली, आणि गंमत म्हणजे धाकट्याच्याच टेम्पोतून गेली. दुसरं वाहनच नव्हतं. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच गाडीत मांडीला मांडी लावून माणसं बसली होती. वाटेत खड्डा आला की सगळे एकमेकांना धरत होते.

सभागृहात समितीची पाच माणसं लांब टेबलामागे बसली होती, शेवटच्या खुर्चीवर ती अधिकारी बाई. नाव पुकारलं गेलं तशी सून उठली. तिचा आवाज निघाला तो खणखणीत निघाला. धाव म्हणजे काय ते तिने सांगितलं. दोर आखडतो कसा, अखंड का लागतो, नावाडी कशासाठी थांबलाय, सगळं सांगितलं. समितीचे अध्यक्ष पुढे झुकून ऐकत होते.

"पण सर्वेक्षणात तुमच्या घरच्यांनीच रस्ता म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.

"मी सांगितलं!" आई मागून उठली. "फुशारकी मारली मी. माणूस आपल्या लेकराला राजा म्हणतो, म्हणून काय तुम्ही त्याच्याकडून राज्य मागणार?"

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बरं, मानलं आम्ही. ती धाव आहे. पण वस्तीला रस्ता लागणारच, त्यात दुमत नाही. तिथून नको, तर कुठून? सांगा."

हसणं थांबलं. गॅरेजवाला हाताची घडी घालून उभा होता, त्याची घडी सुटली. शिंपिणीने नवऱ्याचा दंड धरला. आता ही बाई कुणाकडे बोट करते, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं.

सुनेने दोरी हातात घट्ट धरली होती.  तिने सासूकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे.

"सांग की," आई म्हणाली.

"आई, मला..."

"भिंत मोजत होतीस ना त्या दिवशी? मी काय आंधळी आहे?" आई दोन खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली. तिने सुनेच्या हातातली दोरी घेतली आणि समितीच्या टेबलावर ठेवली. "साहेब, आमच्या घरावरून काढा."

"काय?" हे उलटेदादा होते. ते ताडकन उठले होते.

"बसा हो तुम्ही. घरावरून काढा, अंगणातून काढा, पुढे तुमचीच नाल्याकाठची पडीक आहे, तिथून न्या. कुणाच्या दाराला धक्का लागत नाही."

"अगं, घर आहे ते," दादा म्हणाले.  "तुझं घर आहे."

"मग? माझंच आहे ना? म्हणून तर देतेय, दुसऱ्याचं देतेय का?" आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायचीही तसदी घेत नव्हती. "चार भिंती काय, कुठेही उभ्या राहतील. एवढी लांब, एवढी सरळ जमीन तुम्हाला पुन्हा कोण देणार? त्या धावेवर नाही चाललात तर आठ दिवसांत अंथरूण धराल तुम्ही. मला ठाऊक नाही होय?"

 मग मागच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्या कुणीतरी वाजवली, आणि बघता बघता अख्खं सभागृह उभं राहिलं. अध्यक्ष "शांतता, शांतता" म्हणत राहिले. अधिकारी बाईने नकाशावर पट्टी ठेवली होती आणि ती भराभर काहीतरी आखत होती. तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"बसतंय, सर," ती म्हणाली. "व्यवस्थित बसतंय. उलट वळणही कमी होतंय."

"जागा बघितल्याशिवाय मी सही करणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही पाहणीला येतो."

ते आले नेमके पेड ताणायच्या दिवशी. तीन पेड अख्ख्या धावेवर ताणले होते, जागोजागी लाकडी घोड्यांवर टेकवलेले. एका टोकाला चाक. दुसऱ्या टोकाला जाड फळी, तिच्यावर दगडांचं ओझं, आणि तिला तिन्ही पेडांची टोकं एकत्र बांधलेली. पेडांच्या मधे तीन खाचांचा लाकडी गोळा, तो उलटेदादांच्या हातात. गोळा जसा पुढे सरकेल तसा त्याच्या मागे तीन पेडांचा एक दोर होणार होता.

"मधे उभे राहू नका!" थोरला ओरडला, तो कुणाला ओरडतोय हे न बघताच. समितीची माणसं मुकाट्याने बाजूला झाली.

चाक फिरू लागलं. पेड कण्हले, ताठ झाले, आणि एकदम त्या टोकाची फळी खरवडत आपल्या आपण पुढे सरकली. एका सदस्याने दचकून उडी मारली. दोर आखडत होता, दगडांसकट फळी ओढून आणत होता. दादा गोळा दाबून धरत पाऊल पाऊल पुढे येत होते, त्यांचे दंड थरथरत होते आणि त्यांच्या मागे घट्ट, गोल, पिवळाधमक दोर जन्माला येत होता. वस्ती दारांतून बाहेर आली होती. 

निम्म्यावर थोरल्याचा खांदा गेला. धाकट्याने चाक घेतलं. थोड्या वेळाने त्याचेही हात भरून आले आणि चाक मंदावलं. आता थांबलं तर पीळ उलगडणार होता.

"सरक तिकडे," गॅरेजवाला म्हणाला. त्याने बाह्या वर केल्या आणि दांडा हातात घेतला. "इंजिनं फिरवलीत मी हाताने. हे काय!"

शेवटची हातभर जागा उरली तेव्हा सगळी वस्ती मोठमोठ्याने ओरडत होती, अधिकारी बाईसुद्धा. गोळा चाकाला टेकला. उलटेदादांनी टोक बांधलं आणि मग ते दोन्ही हात दोरावर टेकून नुसते उभे राहिले. दोर धावेवर पडला होता, एका जोडाशिवाय. शिंपीण आईच्या गळ्यात पडली, आणि मग दोघी सांडलेला वाख वेचायला लागल्या.

नावाड्याने तो दोर पुराच्या आधी नदीवर टांगला. आराखडा मंजूर व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागला, त्याचं वळण सरकारी होतं. पण झाला. सभागृहातला नवा नकाशा बघायला धाकटा सगळ्यांना घेऊन गेला. तांबड्या रेघा आता नाल्याकाठाने जात होत्या. धावेवर एक अरुंद जांभळी पट्टी होती आणि तिच्यावर बारीक अक्षरांत 'दोरखंड कामाची जागा' असं लिहिलं होतं. धाकट्याने ते तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ओळखदेख नसलेली माणसंही ऐकायला थांबली होती.

घराच्या बदल्यात पलीकडे जागा मिळाली. तिथे पत्र्याचं छप्पर उभं राहिलं आणि जुनं घर उतरवायचा दिवस ठरला. वस्तीतली झाडून सगळी माणसं मदतीला आली. आढं उतरवलं, कौलं हातोहात खाली आली, गॅरेजवाल्याने जॅक लावून दाराच्या चौकटी अख्ख्या काढल्या. आई चुलीजवळच्या दगडावर बसून सगळ्यांवर हुकूम सोडत होती. तिला तिथून उठवायची कुणाची छाती नव्हती.

उलटेदादा तिकडे फिरकले नाहीत. "मला बघवणार नाही," ते सकाळीच म्हणाले आणि कमरेला वाख बांधून धावेवर गेले. थोरला चाकावर बसला. दादा चाकाकडे तोंड करून मागे मागे निघाले. चाकाच्या बाजूलाच स्वयंपाकघराची भिंत होती, खिडकी ना दार, धुराने काळी झालेली. सून म्हणून आई या घरात आली तेव्हापासून ती त्या भिंतीच्या आत स्वयंपाक करत होती आणि ते भिंतीच्या बाहेर, तिच्याकडेच तोंड करून, दूर दूर चालत जात होते.

"हलतेय, हलतेय! बाजूला व्हा!" धाकटा ओरडला.

भिंत एकदम बसली. धुळीचा लोट उठला, चाक दिसेना, थोरला दिसेना. धूळ हळूहळू खाली आली.

दादा निम्म्या धावेवर होते. समोर, उघड्यावर, चुलीजवळच्या दगडावर ती बसली होती. केस पांढरे झालेले, काही धुळीने, काही वयाने.

सूत काढताना पाय थांबवायचा नसतो. थांबला की तेवढ्या जागी सूत जाड होतं. उलटेदादा थांबले.

"दिसतेस गं!" ते तिथूनच मोठ्याने म्हणाले. "इथून दिसतेस तू!"

"दादा, पाय!" थोरला चाकावरून ओरडला. "गाठ पडतेय!"

"पडू दे," दादा म्हणाले.

आईने पदराने तोंड पुसलं. सगळी वस्ती तिच्याकडे बघत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"इतकी वर्षं काय भिंतीशी बोलत होता होय?" ती ओरडली. "चाला आता. मी कुठे जात नाही."